नित्याचा ताण आणि पोटावरचा मेद

काळजीने माणूस वाळतो आणि सुखाने त्याचे अंग भरते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. तिला अनुभवाचा आधारही आहे. घरात कोणी दगावले किंवा मूल गंभीर आजारी पडले, की अन्नावरची वासना उडते आणि महिन्याभरात अंगावरचे कपडे ढिले होतात. याच न्यायाने सुटलेले पोट हे सुखवस्तूपणाचे, आळसाचे किंवा खादाडपणाचे चिन्ह मानले जाते.

ही समजूत खोटी नाही. पण ती अपुरी आहे. अकस्मात कोसळणाऱ्या दुःखाचा परिणाम एक असतो आणि रोज थोडा थोडा, वर्षानुवर्षे सोसाव्या लागणाऱ्या ताणाचा परिणाम दुसराच असतो. दिवसभर वरिष्ठांचा धाक सोसणारा कारकून, दोन्ही वेळचा स्वयंपाक सांभाळून नोकरी करणारी गृहिणी, आठवड्या-आठवड्याने पाळी बदलणारा गिरणीकामगार, यांपैकी कोणालाही सुखासीन म्हणता येणार नाही. तरीही चाळिशीच्या सुमारास यांतील अनेकांचे पोट पुढे येऊ लागते. चेहरा ओढलेला, हातपाय बारीक आणि कमरेचा पट्टा मात्र एकेक भोक पुढे सरकलेला, असे दृश्य आपण नेहमी पाहतो. ही विसंगती कशी उत्पन्न होते आणि तीवर रोजच्या जीवनात काय करता येते, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

मेदाची दोन ठिकाणे

शरीरातील सर्व मेद एकाच प्रकारचा नसतो. चिमटीत धरता येणारा मेद त्वचेखाली असतो. दुसरा मेद पोटाच्या पोकळीत, आतडी, यकृत आदी अवयवांच्या भोवती साठतो. तो चिमटीत सापडत नाही. पोटाला मात्र तो आतून पुढे ढकलतो. त्वचेखालचा मेद बराचसा निरुपद्रवी असतो. आतला मेद तसा नसतो. त्यातून सुटणारी मेदाम्ले शिरेवाटे थेट यकृताकडे जातात. यकृतात मेद साचू लागला की इन्शुलिनचा प्रभाव उणावतो, रक्तातील साखर व मेद वाढतात आणि मधुमेह व हृदयविकार यांची वाट मोकळी होते.

हा भेद प्रथम स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय फ्रान्समधील मार्सेय येथील वैद्य जाँ व्हाग यांच्याकडे जाते. माणूस किती लठ्ठ आहे यापेक्षा तो कोठे लठ्ठ आहे हे अधिक महत्त्वाचे आहे, असे त्यांनी १९४७ साली दाखवून दिले. मांड्या व नितंब यांवर मेद असणाऱ्यांपेक्षा कमरेच्या वर मेद असणाऱ्यांत मधुमेह व रोहिणीविकार अधिक आढळतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढील अर्धशतकात ते वारंवार खरे ठरले.

भारतीयांच्या दृष्टीने तर या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वजनाला उंचीच्या वर्गाने भागले असता मिळणारा देहभारांक दोघांचाही २२.३ होता, म्हणजे वजनकाट्याच्या हिशेबाने दोघे सारखेच होते. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ते शेकडा ९.१ आणि याज्ञिक यांच्या शरीरात शेकडा २१.२ भरले. दिसण्यात सडपातळ असूनही आतून मेदस्वी असणे ही भारतीय शरीराची प्रवृत्ती या एका उदाहरणाने जगापुढे ठळकपणे आली. म्हणूनच आपल्याकडे वजनापेक्षा कमरेचा घेर अधिक बोलका असतो. भारतीय पुरुषाच्या बाबतीत ९० सेंटिमीटर आणि स्त्रीच्या बाबतीत ८० सेंटिमीटर ही घेराची मर्यादा मानली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत शेकडा ३९.५ प्रौढ व्यक्तींच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर असल्याचे आढळले.

ताण म्हणजे काय

संकट समोर आले असता प्राण्याच्या शरीरात कोणते फेरफार होतात, याचा अभ्यास हार्वर्ड विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केला. भीतीने किंवा क्रोधाने छाती धडधडू लागते, श्वास जलद होतो, पचन मंदावते आणि रक्त स्नायूंकडे धावते. लढण्यासाठी वा पळून जाण्यासाठी केलेली ही सिद्धता होय, असे कॅनन यांनी १९१५ सालच्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. हे कार्य मुख्यतः ॲड्रेनॅलिन या संप्रेरकाचे असते आणि ते काही मिनिटांत आटोपते.

१९३६ साली माँट्रियल येथे काम करणारे हान्स सेल्ये यांनी यापुढचे पाऊल टाकले. उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम किंवा विषारी द्रव्ये यांपैकी कशानेही पीडा दिली, तरी त्यांच्या शरीरात ठराविक प्रकारचेच बदल होतात, असे त्यांना आढळले. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होतात आणि जठरात व्रण पडतात. शरीर प्रथम दचकते, मग तग धरते आणि पीडा चालूच राहिली तर शेवटी थकते, अशा तीन अवस्था त्यांनी सांगितल्या. आज आपण ‘ताण’ हा शब्द ज्या अर्थाने वापरतो, तो अर्थ रूढ करण्यात सेल्ये यांचा वाटा मोठा आहे.

तग धरण्याच्या अवस्थेत कॉर्टिसॉल या संप्रेरकाला प्राधान्य असते. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पोष ग्रंथीला इशारा देतो, पोष ग्रंथी अधिवृक्क ग्रंथींना चेतविते आणि त्यांतून कॉर्टिसॉल रक्तात उतरते. ते साठवणीतील साखर व मेद वापरासाठी मोकळे करते आणि संकट टळल्यावर झालेली तूट भरून काढण्यासाठी भूक वाढविते. निरोगी माणसात ते सकाळी उठल्यानंतर लवकरच उच्चांक गाठते आणि मध्यरात्रीच्या सुमारास अगदी खाली येते. अशा रीतीने कॉर्टिसॉल हे शरीराचे शत्रू नसून दिनक्रम राखणारे सेवक आहे.

अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. रानात वाघ दिसल्यास माणूस धावतो. साखर खर्च होते आणि काही वेळाने शरीर पूर्ववत होते. साहेबाच्या खोलीतून बोलावणे आल्यास माणसाला धावता येत नाही. फेडता न आलेले कर्ज, मुलीच्या परीक्षेचा निकाल, गर्दीने भरलेली गाडी, रात्री उशिरा वाजणारा दूरध्वनी, यांपैकी कशाशीही स्नायूंनी लढता येत नाही. युद्धाची रसद मागविली जाते, युद्ध मात्र होत नाही. हाच प्रकार दिवसातून दहा वेळा घडला, तर संध्याकाळी उतरावयास हवे असलेले कॉर्टिसॉल पुरते उतरत नाही. त्याच्या चढउताराची लय बिघडते.

मनापासून पोटापर्यंत

कॉर्टिसॉलचा पोटाशी काय संबंध, याचे उत्तर एका दुर्मीळ रोगाने दिले. अमेरिकन शल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांनी १९३२ साली काही रोग्यांचे सविस्तर वर्णन केले. त्यांचा चेहरा वाटोळा, पोट मोठे आणि हातपाय काटकुळे होते. या रोगात शरीरात कॉर्टिसॉलचा अतिरेक झालेला असतो, हे पुढे सिद्ध झाले. तो दूर केला की पोटही उतरू लागते. पोटातील मेदपेशींवर कॉर्टिसॉलला प्रतिसाद देणारी ग्राहके त्वचेखालच्या मेदपेशींपेक्षा अधिक असतात. इन्शुलिनच्या जोडीने कॉर्टिसॉल तेथे मेद साठविण्यास उत्तेजन देते.

रोजच्या ताणाने कॉर्टिसॉल या रोगाइतके वाढत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि दिशा तीच असते. अमेरिकेतील येल विद्यापीठातून २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रियांना प्रयोगशाळेत लागोपाठ काही दिवस अवघड कामे देण्यात आली. ज्यांचा मेद पोटावर एकवटलेला होता, त्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल अधिक स्रवले. विशेष म्हणजे त्यांतील सडपातळ स्त्रियांना दिवसामागून दिवस गेले तरी त्या ताणाची सवय होईना.

दुसरा मार्ग जिभेवरून जातो. ताणाखालील माणसाला भाकरी-भाजीची इच्छा होत नाही. त्याला गोड, तळलेले, चमचमीत असे काहीतरी हवे असते. सॅन फ्रान्सिस्को येथील मेरी डॉलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली असा विचार मांडला, की साखर व स्निग्ध पदार्थ खाल्ल्याने मेंदूतील ताणाची यंत्रणा काही वेळ खरोखरच शांत होते. चहाबरोबर फरसाणाची पुडी सोडणारा माणूस केवळ जिभेचे चोचले पुरवीत नसतो. हाताशी असलेले एकमेव औषध तो घेत असतो. औषध लागू पडते म्हणूनच ते सुटत नाही.

तिसरा मार्ग झोपेचा आहे. शिकागो विद्यापीठात २००४ साली बारा तरुणांवर केलेल्या प्रयोगात दोन रात्री केवळ चार-चार तास झोप मिळाली, तेव्हा तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन शेकडा १८ ने घटले आणि भूक चाळविणारे घ्रेलिन शेकडा २८ ने वाढले. मेयो क्लिनिकने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बारा निरोगी व्यक्तींना दोन आठवडे रोज चारच तास झोपू दिले आणि खाण्यावर कोणतेही बंधन घातले नाही. त्या रोज तीनशेहून अधिक उष्मांक जादा खाऊ लागल्या आणि त्यांच्या पोटातील आतला मेद शेकडा ११ ने वाढला. वजन मात्र फारसे वाढले नव्हते. काट्यावर उभे राहून हा बदल कळलाच नसता.

हे सर्व प्रयोगशाळेबाहेर, चालत्या संसारातही घडते काय? लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील १०,३०८ कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९८५ साली सुरू झाला. त्यावरील २००६ सालच्या निबंधात चौदा वर्षांचा हिशेब दिला आहे. ज्यांच्या वाट्याला कामाचा बोजा अधिक, निर्णयाचा अधिकार कमी आणि सहकाऱ्यांचा आधार तुटपुंजा अशी स्थिती पुनःपुन्हा आली, त्यांच्यात पोटाचा वाढलेला घेर, रक्तदाब, साखर व मेद यांतील बिघाडांचा समूह इतरांच्या दुपटीहून अधिक आढळला. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. माणसाला जेरीस आणणारा ताण केवळ पुष्कळ कामाचा नव्हता. काम पुष्कळ आणि ते कसे करावे हे ठरविण्याची मुभा नाही, या दुहेरी कोंडीचा तो ताण होता.

किती आशा धरावी

ताण कमी केला की पोट आपोआप उतरेल, असे येथवर वाचून कोणास वाटण्याचा संभव आहे. तसे अभिवचन देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कॅलिफोर्नियात ४७ स्थूल स्त्रियांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही स्त्रियांना चार महिने ध्यान व सावधपणे जेवणे यांचे शिक्षण दिले गेले. सरासरी पाहता, शिक्षण घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांच्या पोटावरील मेदात लक्षणीय फरक पडला नाही. परंतु शिक्षण घेतलेल्यांपैकी ज्यांचा ताण खरोखर उणावला आणि सकाळचे कॉर्टिसॉल खाली आले, त्यांच्या पोटावरचा मेद अधिक घटला होता.

याचा सरळ अर्थ असा की ध्यानाला बसणे हे साधन आहे, ताण उतरणे हे साध्य आहे, आणि पहिले केले म्हणजे दुसरे झालेच असे नाही. आहार व हालचाल यांची जागा मनःशांती घेऊ शकत नाही. मात्र मन सतत ताणलेले असेल तर आहाराचा नियम टिकत नाही, चालण्याचा उत्साह राहत नाही आणि झोप लागत नाही. ताणाचे नियमन हे इतर उपायांना पाया पुरविते, एवढेच त्याचे माहात्म्य. आणि ते थोडे नाही.

याच ओघात आणखी एका भ्रमाचा उल्लेख केला पाहिजे. पोटाचे व्यायाम केले म्हणजे पोटावरची चरबी झडते, असे सर्रास मानले जाते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पुरुषांनी सत्तावीस दिवसांत प्रत्येकी पाच हजारांवर उठाबशा काढल्या; म्हणजे उताणे पडून धड उचलण्याचा व्यायाम केला. त्यांच्या पोटावरील मेदपेशी लहान झाल्या खऱ्या, पण पाठीवरील व नितंबांवरील पेशींपेक्षा अधिक नव्हे. शरीर मेद खर्च करते ते सर्व ठिकाणांहून; जागा आपण निवडू शकत नाही.

दिनचर्येत करावयाचे बदल

पहिला उपाय नोंदीचा. एक आठवडाभर लहानशा वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: भूक नसताना केव्हा खाल्ले, त्यापूर्वी काय घडले होते आणि रात्री किती तास झोप झाली. पुष्कळांना आठवड्याअखेर असे दिसून येते की दिवसातील एक-दोन ठराविक वेळाच घातक असतात. बहुधा दुपारी चारच्या सुमाराची आणि घरी परतल्यानंतरच्या पहिल्या तासाची. शत्रू कोठून येतो हे कळले की सगळ्या तटावर पहारा ठेवावा लागत नाही.

दुसरा उपाय झोपेचा. निजण्याची व उठण्याची वेळ शक्यतो एकच ठेवावी आणि सात तासांची झोप हा चैनीचा नव्हे, आरोग्याचा भाग मानावा. चहा-कॉफीतील कॅफिन अर्धे उतरण्यासदेखील सुमारे पाच तास लागतात. म्हणून संध्याकाळनंतरचा चहा टाळावा. मद्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते. तंबाखूने ताण उतरतो हाही आभासच होय. धूम्रपान करणाऱ्यांचे वजन कमी असले तरी पोटाचा घेर तुलनेने अधिक आढळतो.

तिसरा उपाय चालण्याचा. कॅनन यांनी वर्णिलेली जी सिद्धता शरीर करते, तिला वाट करून देण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास असे चालावे की बोलता येईल पण गाता येणार नाही. अशा चालण्याने वजन फारसे न घटताही पोटातील आतला मेद कमी होतो, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. कचेरीतून परतताना एक थांबा आधी उतरून चालत घरी यावे. त्यामुळे कचेरीतला ताण उंबरठ्याच्या आत येत नाही.

चौथा उपाय श्वासाचा व शिथिलीकरणाचा. लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ पासून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. पुढे जगभर अशा अभ्यासांची परंपराच निर्माण झाली. जर्मनीत पोटाचा घेर वाढलेल्या साठ स्त्रियांवर केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बारा आठवड्यांच्या योगाभ्यासाने, तो न केलेल्या गटाच्या तुलनेत, घेर सरासरी ३.८ सेंटिमीटरने कमी भरला. ज्यांना वर्गास जाणे शक्य नाही, त्यांनी एवढे करावे: पाठ टेकून बसावे, एक हात पोटावर ठेवावा, नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि घेतला त्याहून अधिक वेळ लावून सोडावा. मिनिटाला सुमारे सहा श्वास, असे पाच मिनिटे. वहीत सापडलेल्या घातक वेळेच्या आधी हे केल्यास त्याचा विशेष उपयोग होतो.

पाचवा उपाय जेवणाचा. उपाशी राहून पोट कमी करण्याचा यत्न हाही शरीराच्या दृष्टीने ताणच आहे. सकाळपासून कडकडीत उपास आणि रात्री भरपेट फराळ, यापेक्षा ठरलेल्या वेळी डाळ, उसळ, भाजी, ताक असा साधा आहार हितकर असतो. चारच्या सुमारास चणे-फुटाणे किंवा एखादे फळ जवळ असावे. ताण आला असता मन जे समोर दिसेल ते उचलते. म्हणून समोर काय असावे हे ताण नसताना ठरवून ठेवावे.

मोजणी आणि सावधगिरी

प्रगती वजनकाट्यावर नव्हे, मोजपट्टीने पाहावी. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मध्यावर पट्टी आडवी धरावी. श्वास सहजपणे सोडून, पोट आत न ओढता, माप घ्यावे. महिन्यातून एकदा मोजणे पुरे. रोज मोजण्याने आणखी एक काळजी तेवढी मागे लागते.

पोट झपाट्याने वाढत असेल आणि त्याबरोबर त्वचेवर जांभळे रुंद पट्टे उमटत असतील, थोड्याशा धक्क्याने काळे-निळे डाग पडत असतील किंवा मांड्यांतील शक्ती कमी झाली असेल, तर तो नुसता ताण न समजता वैद्यांकडे जावे. दमा, संधिवात इत्यादींसाठी दीर्घकाळ स्टेरॉइडे घेणाऱ्यांतही असे होऊ शकते. परंतु ती औषधे वैद्यांच्या सल्ल्यावाचून एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. सदैव उदासी, झोप सर्वस्वी उडणे, जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे असल्यास त्यांवर उपचार आहेत आणि ते घेण्यात कमीपणा नाही.

शेवटी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. वर सांगितलेले पाचही उपाय ज्याच्या हाती दिवसातील तासभर तरी वेळ आहे, त्याच्यासाठी आहेत. पहाटे पाणी भरण्यापासून रात्री भांडी घासण्यापर्यंत जिला क्षणाची उसंत नाही, तिला दीर्घ श्वास घेण्याचा उपदेश करणे ही थट्टाच ठरेल. तिचा ताण तिच्या मनात नसून कामाच्या वाटणीत आहे. लंडनच्या कर्मचाऱ्यांचा दाखला हेच सांगतो, की बोजा आणि अधिकार यांचा मेळ बसणे आणि आधाराला माणसे असणे, यांवर शरीराचे स्वास्थ्य अवलंबून असते. म्हणून घरातील एखाद्या व्यक्तीचे पोट वाढू लागले, तर तिच्या ताटाकडे पाहण्यापूर्वी तिच्या दिवसाकडे पाहावे. तिच्या वाट्याचे एखादे काम दुसऱ्या कोणी उचलावे आणि तिला अर्धा तास चालावयास व पुरेसे झोपावयास मोकळीक द्यावी. वैद्याच्या चिठ्ठीवर हे औषध लिहिलेले नसते. ते घरातल्या माणसांनीच द्यावयाचे असते.